ओमाहा-पोंका भाषेतले रोजचे शब्द, आणि 'इंग्रजी अर्थ' नावाचा रकाना

लिंकनकर (धागाकर्ती)

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या मराठी माणसाला 'ओमाहा' शहर म्हटलं की आधी वॉरन बफे आठवतो, मग विमानतळ, मग मक्याची शेतं. ज्या मूळनिवासी लोकांवरून हे नाव पडलं ते शहराच्या उत्तरेला, मेसी आणि वॉल्टहिल या गावांच्या आसपास राहतात. मेसी हे नावही मजेशीर आहे. 'ओमाहा'तला 'मा' आणि 'एजन्सी'तला 'सी' जोडून झालेलं. म्हणजे सरकारी कचेरीचं नाव आखडलं आणि गावाला चिकटलं.

ते स्वतःला उमाँहाँ म्हणवतात. अर्थ साधारण 'प्रवाहाच्या उलट वर गेलेले'. त्यांचे भाऊबंद क्वापॉ, ते प्रवाहाबरोबर खाली गेलेले. पोंका लोक निओब्रारा नदीकाठचे. १८७७ साली सरकारने त्यांना तिथून उठवून ओक्लाहोमाकडे हाकललं, त्यामुळे आज निम्मे इकडे आणि निम्मे तिकडे. ओमाहा आणि पोंका यांची भाषा एकच, फरक आपल्या पुणेरी-वऱ्हाडीइतकाही नसावा. म्हणून अभ्यासक मधे आडवी रेघ मारून दोघांना एका नावात बसवतात. सू भाषाकुळातली धेगिहा शाखा. ओसेज, कॉ आणि क्वापॉ याच शाखेतल्या.

आता मुद्दा. या भाषेच्या शब्दयाद्या नेटवर सापडतात. डावीकडे मूळ शब्द, उजवीकडे इंग्रजी अर्थ. पाणी नी. आग पेदे. घर ती. घोडा शाँगे, कुत्रा शिनुदा. लहान झींगा, मोठा ताँगा. पांढरा स्का, काळा साबे, लाल झीदे, पिवळा ज़ी. कॉफी माँकाँ-साबे, म्हणजे काळं औषध. पैसा माँज़ेस्का, पांढरा धातू. साखर झाँनी, झाडाचं पाणी, कारण पूर्वी ती मेपलच्या रसाची असायची. गायबैल तेस्का, पांढरा गवा. व्हिस्की पेदे-नी, त्याचा अर्थ तुम्हीच लावा.

याद्या वाचायला मजा येते. पण मला वाटतं यादीत भाषा जेमतेम चार आणे उतरते, आणि उरलेले बारा आणे नेमके उजवीकडच्या रकान्यात गळतात. उदाहरण देते. या भाषेत नामानंतर एक छोटा शब्द येतो आणि यादीत सगळ्यांचा अर्थ एकच दिलेला असतो, इंग्रजीतलं 'द' (the) हे उपपद. प्रत्यक्षात ते निरनिराळे शब्द आहेत. वस्तू आडवी, लांबट पसरलेली असेल तर खे. उभी असेल किंवा ढीग, गठ्ठा असेल तर थे. गोल असेल तर धाँ. इकडेतिकडे विखुरलेली असेल तर गे. माणूस किंवा प्राणी असेल तर पुन्हा वेगळं. बसलेला धींखे, उभा थाँ, चालता धीं, आडवा खे. नीआशींगा म्हणजे माणूस. 'तो माणूस' म्हणायचं तर तो बसलाय, उभा आहे, चाललाय की आडवा पडलाय हे सांगितल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही.

मेलेल्या माणसाला खे. सापालाही खे. नदीलाही खे. निओब्रारा हे नाव 'नी उब्धाधा खे' यातून आलं: पाणी, पसरलेलं, आडवं. पूर्ण राज्याचं नाव 'नी ब्धास्का', सपाट पाणी. प्लॅट नदीचं नाव ते. नदी किती सपाट आहे हे पाहायचं असेल तर उन्हाळ्यात या, गुडघाभर पाण्यात अर्धा मैल चालता येतं.

लिपीबद्दल: सगळं देवनागरीत लिहिते आहे. त्यांच्याकडे एक ध्वनी आहे, जिभेचं टोक वरच्या दातांना लावून 'ल' आणि इंग्रजी 'द' एकदम म्हणायचे. आपला खरा 'ध' त्या भाषेत नाहीच, म्हणून ते अक्षर या ध्वनीला दिलंय. 'ख़' म्हणजे घशातला, उर्दूसारखा. 'झ' झेंड्यातला, 'ज़' जहाजातला.

ज्यांना भाषाशास्त्र कळतं त्यांनी भर घाला. मी विम्याच्या कंपनीत हिशेब करते, फावल्या वेळात वाचते.


तिरकस

उत्तम. मराठी शाळा बंद पडतायत आणि आपण नेब्रास्कातल्या आडव्या पाण्यावर चर्चा करू. ही भाषा बोलणारे उरलेत तरी किती?


लिंकनकर

@तिरकस, लहानपणापासून बोलणारे फार थोडे, आणि बहुतेक सगळे म्हातारे. म्हणूनच याद्या जपून वाचायच्या. मराठी शाळांचा धागा काढा, तिथेही येते.


खडूफळा

धागा आवडला, ताई. मी साताऱ्याकडे तीसेक वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आता घरी बसून नातवंडांना शिकवतो.

आकडे देता का? कुठल्याही भाषेचे आकडे बघितल्याशिवाय मला तिची ओळख झाल्यासारखं वाटत नाही.


लिंकनकर

देते की, सर. एक वीं. दोन नाँबा. तीन धाब्धीं. चार दुबा. पाच साताँ (मराठी माणूस इथे हमखास घसरतो). सहा शापे. सात पेधाँबा. आठ पेधाब्धीं. नऊ शाँका. दहा ग्धेबाँ.


खडूफळा

आठमधे तीन दिसतंय! पे-धाब्धीं. आणि सातमधे दोन, नाँबाचं धाँबा झालेलं. म्हणजे 'पे' पाचाच्या जागी धरला तर पाच नि दोन सात, पाच नि तीन आठ. एका हाताची बोटं संपली की दुसऱ्या हाताला लागायचं. मग नऊ मात्र स्वतंत्र का? आपल्याकडेही एकोणीस, एकोणतीस असं वजाबाकीचं चालतं, पण नव्याण्णवला येऊन आपण सुधारतो. आकड्यांत कुठेतरी एक जण फटकून वागतोच.


पोरसवदा

सर, वर्गात असं शिकवलं असतंत तर गणितात पास झालो असतो :)


शणै_मडगांवकार

तीन गजाली माझ्याकडून.

१. ते झींगा वाचून मी दचकलो. लहान म्हणजे झींगा? आमच्याकडे झिंगे म्हणजे बाजारातले. पण लहान बाळाला 'शींगाझींगा' म्हणतात हे मी तुमचा धागा वाचून शोधलं, आणि हा शब्द मला भयंकर आवडला.

२. अनुनासिक स्वर. तुम्ही जे चंद्रबिंदू घालताय ते मराठी वाचक डोळ्यांनी वाचतील, नाकाने नाही. प्रमाण मराठीने नाक कधीच सोडलं. 'घरें', 'केलें' यांवरचे अनुस्वार उच्चारात नाहीत म्हणून १९६२च्या नियमांत काढून टाकले. कोंकणीत ते अजून जितेजागते आहेत. 'हांव' म्हणताना नाक वापरलं नाही तर आजी विचारायची, सर्दी उतरली काय रे. तेव्हा उमाँहाँ उच्चारायचं असेल तर मालवण-गोव्याकडच्या माणसाला पुढे करा.

३. महाप्राण. तुमच्या लेखनावरून थे आणि धे यांत फरक आहे असं दिसतं, पण नेटवरच्या यादीत मला दोन्हीकडे इंग्रजीतलं टी-एच दिसलं. कुठलं खरं?


लिंकनकर

@शणै, तुम्ही दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत.

छापील पुस्तकात तो 'ल-द'वाला ध्वनी साध्या टी-एचने दाखवतात आणि श्वास सोडून म्हणायचा 'थ' टीच्या वर छोटा एच चढवून. अनुनासिकासाठी स्वराच्या वर छोटा एन. कागदावर काही गोंधळ नाही. पण कुणीतरी ती यादी कॉपी-पेस्ट करून नेटवर टाकतो, वरची छोटी अक्षरं खाली घसरतात किंवा गायब होतात, आणि 'थाँ' व 'धाँ' यांचा एकच शब्द होतो. 'थाँ' म्हणजे उभा असलेला सजीव. 'धाँ' म्हणजे गोल निर्जीव. त्या यादीवरून शिकलेला माणूस उभ्या म्हाताऱ्याला चेंडू म्हणून मोकळा होईल.

इंग्रजी कानाला 'त' आणि 'थ' हा फरक सांगावा लागतो. आपण तो पहिलीत शिकतो, ताट आणि थाट. त्यांच्याकडे स्पर्शव्यंजनं चार तऱ्हांची आहेत. ब-द-ग, मग दाबून म्हटलेले प-त-क, मग श्वास सोडून फ-थ-ख, आणि चौथी तऱ्हा आपल्याकडे नाही: घसा बंद करून 'प' किंवा 'त' टचकन उडवायचा. पहिल्या तिन्ही मराठी माणसाला जवळजवळ फुकट.

जेम्स ओवेन डॉर्सी नावाचे मिशनरी १८७१ ते १८७३ पोंकांमधे होते, पुढे १८७८ ते १८८० सरकारी संशोधक म्हणून ओमाहांमधे. त्यांना हे सगळे फरक ऐकू आले. छापखान्यात वेगळे टाइप नव्हते म्हणून त्यांनी काही अक्षरं चक्क उलटी करून छापली. १८९०चा त्यांचा धेगिहा भाषेचा ग्रंथ उघडलात तर वाटतं की जुळाऱ्याने झोपेत पान लावलंय. पण कानाला ते पक्के होते.


बटाटेवडा

मी फक्त माझ्या कामाचा शब्द शोधला. बटाटा म्हणजे 'नू'. आणि पुरुष म्हणजेही 'नू'. दोन्ही यादीत सारखेच लिहिलेत. आमच्या घरी हे एकमताने मान्य झालं आहे.


आत्याबाई

बटाटेवडा :))

धागाकर्ती, नात्यांचे शब्द राहिले. मी समाजशास्त्र शिकवते, आणि 'ओमाहा' हा शब्द मला शहरामुळे नाही, पाठ्यपुस्तकातल्या 'ओमाहा पद्धती'मुळे माहीत. लुईस हेन्री मॉर्गन यांनी १८७१ साली जगभरच्या नातेशब्दांवर जाडजूड ग्रंथ काढला, त्यात ही माहिती आली. पुढे अशा रचनेच्या सगळ्या समाजांना, मग ते आफ्रिकेतले का असेनात, ओमाहा पद्धतीचे म्हणू लागले.

शब्द असे: विनेगी माझा मामा, धिनेगी तुझा मामा, इनेगी त्याचा किंवा तिचा मामा. मालकी शब्दाच्या पुढेच चिकटलेली. नुसता 'मामा' हवेत तरंगत नाही, तो कुणाचा तरी असतो. आत्या वित्तीमी, आजी विकाँ, आजोबा वित्तीगाँ, पुन्हा पुढे 'माझी-माझा' आहेच. इथपर्यंत आपल्याला घरच्यासारखं. इंग्रजीत मामा, काका, आतोबा, मावसा सगळे एका खुंटीला टांगलेले, ते इथे नाहीत.

खरी गंमत पुढच्या पिढीत. काकाला बापच म्हणतात आणि मावशीला आई. हेही आपल्याला परकं नाही, थोरली आई, धाकटी आई म्हणणारी घरं आहेतच. पण मामाचा मुलगा? तोही मामाच, नेगी! आणि मामाची मुलगी म्हणजे आई. मामेबहीण तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असली, शेंबूड पुसत असली, तरी ती आई. उलट बाजूने आत्याची मुलं म्हणजे भाचरं.

कारण कुळ बापाकडून चालतं. आईच्या कुळातला कुठलाही पुरुष, वय काहीही असो, माझ्यासाठी 'आईकडचा माणूस' म्हणून मामा. पिढीपेक्षा कुळ मोठं.

आता हे महाराष्ट्रात आणून बघा. आपल्याकडे कितीतरी जातींत मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क समजतात, लहानपणापासून चिडवतात. ओमाहांमधे तिला आई म्हणायचं, लग्नाचा विषय कुठून निघणार? दोन्ही समाज आत्या आणि मामा काटेकोर वेगळे ठेवतात, पण सोयरीक जुळवायच्या वेळी तोंडं दोन दिशांना.


तिरकस

आत्याबाई, हा प्रतिसाद मात्र झकास. सासूला काय म्हणतात?


आत्याबाई

काहीच म्हणत नाहीत. जुन्या रीतीप्रमाणे जावयाने सासूशी थेट बोलायचंच नाही, आदर म्हणून. निरोप द्यायचा असला तर बायकोमार्फत. डॉर्सींनी १८८४च्या ग्रंथात हे नोंदवलंय.


तिरकस

सुसंस्कृत लोक. मी मघाचा प्रतिसाद मागे घेतो.


डॉ_ताई

माझा भाषेशी संबंध नाही, पण वॉल्टहिलचं नाव वाचून लिहावंसं वाटलं.

आनंदीबाई जोशी मार्च १८८६मधे फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या हे आपल्याला पाठ आहे. त्या समारंभाला पंडिता रमाबाई गेल्या होत्या. त्याच वर्षी आनंदीबाई परत निघाल्या, आणि त्याच वर्षी त्याच कॉलेजात ओमाहा जमातीतली एक मुलगी दाखल झाली, सुझन ला फ्लेश. १८८९ला ती वर्गात पहिली येऊन डॉक्टर झाली. अमेरिकेतल्या मूळनिवासी स्त्रियांमधली पहिली डॉक्टर. आनंदीबाईंच्या त्या प्रसिद्ध फोटोत जपानी पोशाखात बसलेल्या केई ओकामी आहेत ना, त्या सुझनच्याच वर्षी पदवीधर झाल्या.

आनंदीबाई १८८७च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या, कोल्हापूरची नोकरी हातात असून दवाखान्यात बसता आलं नाही. सुझनला पंचवीसेक वर्षं मिळाली. क्षयरोग, सार्वजनिक पेले, माश्या, दारू या सगळ्यांशी ती भांडली, बग्गीतून मैलोन्मैल फिरली, आणि १९१३ला वॉल्टहिलला रुग्णालय उभं केलं. १९१५ला गेली. रोग्यांशी ती त्यांच्या भाषेत बोलत असे, आणि हे किती मोठं औषध आहे ते मला मेळघाटात एक वर्ष काढल्यावर कळलं. कोरकूत 'कुठे दुखतं' एवढं विचारता आलं तरी अर्धा पेशंट उठून बसायचा.


लिंकनकर

डॉक्टरताई, हे इथे आलंच पाहिजे होतं. त्या घराबद्दल थोडं अजून, कारण त्यात शब्दही आहेत.

सुझनच्या वडिलांचं इंग्रजी नाव जोसेफ ला फ्लेश, ओमाहा नाव ईंश्तामाँज़े. ईंश्ता डोळा, माँज़े लोखंड. मोठी बहीण सुझेट, तिचं नाव ईंश्ता-धेअंबा, तेजस्वी डोळ्यांची. १८७९च्या मे महिन्यात ओमाहा शहरात पोंका प्रमुख स्टँडिंग बेअर यांचा खटला चालला, आणि पुढे त्यांच्या पूर्वेकडच्या व्याख्यानदौऱ्यात दुभाषी म्हणून ती उभी राहिली. त्यांचं मूळ नाव माँचू नाँझीं: माँचू अस्वल, नाँझीं उभं राहणं. सक्तीच्या स्थलांतरानंतर तिकडे मुलगा वारला, त्याला निओब्राराकाठी पुरायचं म्हणून ते थंडीत ओक्लाहोमाकडून चालत निघाले आणि पकडले गेले. कायद्याच्या दृष्टीने अमेरिकन इंडियन, म्हणजे मूळनिवासी माणूस 'व्यक्ती' आहे की नाही, हा प्रश्न कोर्टापुढे होता. न्यायाधीश डंडी यांनी निकाल दिला की आहे. १८७९ साली हे कोर्टाला ठरवावं लागलं.

भाऊ फ्रान्सिस ला फ्लेश. त्यांनी मानववंशशास्त्रज्ञ ॲलिस फ्लेचर यांच्याबरोबर १९११ला ओमाहा जमातीवर मोठा ग्रंथ केला. त्यातल्या महिन्यांच्या नावांवरच मी एक संध्याकाळ घालवली. जानेवारी: हाँगा कुळाच्या तंबूंत बर्फ उडून येतं तो. फेब्रुवारी: हंस घरी परततात तो. मार्च: लहान बेडकांचा. मे: पेरणीचा. जुलै: गवे हंबरतात तो. डिसेंबर: काळ्या अस्वलांची पिल्लं जन्मतात तो. आणि एप्रिल, ज्यात काहीच घडत नाही तो महिना! आमच्याकडे एप्रिलमधे इन्कम टॅक्स भरायचा असतो, काहीच घडत नाही म्हणायची सोय राहिली नाही.

नोव्हेंबर: हरणांची शिंगं गळतात तो. 'ताख़्ती' म्हणजे हरीण, 'हे' म्हणजे शिंग, 'बाख़ाँ' म्हणजे मोडणं. हे बाख़ाँ लक्षात ठेवा, खडूफळा सरांना आवडेल. 'ख़ाँ' हा मोडण्याचा गाभा. पुढचा 'बा' सांगतो की ढकलून, रेटून. हाताने मोडलं तर धिख़ाँ, पायाने मोडलं तर नाँख़ाँ, दातांनी धाख़ाँ, फटका मारून गाख़ाँ. इंग्रजी रकान्यात सगळ्यांना एकच शब्द. वाक्यातून हात, पाय, दात सगळे गायब.


खडूफळा

आवडलंच! आपण हेच वेगवेगळ्या क्रियापदांनी करतो. हाताने मोडतो, दातांनी तोडतो, पायाने तुडवतो, फटक्याने फोडतो. त्यांनी गाभा एक ठेवून पुढे अवयव लावला. उपसर्गांचा तक्ता करून फळ्यावर लावावा असा प्रकार आहे.

बायकापुरुषांच्या बोलण्यात फरक असतो असं कुठेतरी वाचलं होतं. ते या भाषेत आहे का?


लिंकनकर

आहे. 'ये' म्हणायचं तर पुरुष म्हणतो 'गी-गा', बाई म्हणते 'गी-आ'. आज्ञा देताना शेवटी पुरुषाचा 'गा', बाईचा 'आ'. ज्याला बोलावतो त्याच्यावर हे ठरत नाही, बोलावणारा कोण त्यावर ठरतं. साध्या विधानाच्या शेवटीही बाई-पुरुषांचे निराळे शब्द. अभिवादनाचा 'अहो' हा पुरुषांचा. (हो, ऐकायला आपल्या 'अहो'सारखाच. योगायोग. कृपया यावर सिद्धांत मांडू नका.)


पोरसवदा

मांडणारच होतो :( नवऱ्याला हाक मारायचा 'अहो' तिकडून आला असेल...


आत्याबाई

नाही आला. पुढे.

इंग्रजी माणसाला हे अजब वाटतं, आपल्याला वाटू नये. 'मी जातो', 'मी जाते' यात बोलणाराच दिसतो. मराठी शिकणारे परदेशी पुरुष बायकोकडून शिकले की 'मी येते' म्हणतात आणि सगळे हसतात. शब्दयादीत हे येणारच नाही, कारण यादीला बोलणारा नसतो.


वऱ्हाडी_ठेचा

मंडई, एक शंका. ही भाषा कमी कायले झाली? लोकायनं सोडली का सोडवली?


लिंकनकर

सोडवली. निवासी शाळा. नेब्रास्कातच जेनोआ नावाच्या गावी १८८४ ते १९३४ अशी मोठी सरकारी शाळा होती, निरनिराळ्या जमातींची मुलं आणून ठेवत. आपली भाषा बोललं की शिक्षा. तिथून बाहेर पडलेले आईबाप मुलांशी इंग्रजीतच बोलले, मुलांना मार बसू नये म्हणून. उत्तरेकडच्या पोंकांची तर सरकारने १९६६ला जमात म्हणून मान्यताच संपवली, ती १९९०ला परत मिळाली. मधली पिढी भाषा कुठे बसून शिकणार होती?

आता मेसीच्या शाळेत शिकवतात. लिंकनच्या विद्यापीठात २०००च्या सुमारास वर्ग सुरू झाले, आणि मेसीचं भाषा केंद्र व विद्यापीठ यांनी मिळून २०१८ला जाड पाठ्यपुस्तक काढलं. त्याच्या मूळ नावात 'उमाँहाँ ईये थे' असं आहे. ईये म्हणजे बोली. पुढचा 'थे' ओळखला असेलच.


वऱ्हाडी_ठेचा

वळखला. ढीगवाला. बोली म्हंजे ढीगच असते बा.


शणै_मडगांवकार

मुलगी होणार आहे (देवाच्या कृपेने सप्टेंबरात). बायको म्हणते यादीतलं एखादं गोड नाव ठेवू. 'मियाँबा'सारखं काहीतरी, चंद्र. काय मत?


आत्याबाई

आधी अभिनंदन! पण मी ठेवणार नाही. ओमाहांत नावं कुळाची असतात. दहा कुळं, प्रत्येक कुळाचा स्वतःचा नावांचा साठा, आणि त्या नावांचा संबंध कुळाच्या देवकाशी. देवक म्हणते कारण दुसरा शब्द सुचत नाही. आपल्याकडे कदंब नाहीतर पंचपल्लव देवक असलेली घरं ते झाड तोडत नाहीत, एका देवकात लग्न करत नाहीत, तसे त्यांचेही कुळागणिक निषेध. पूर्वी लहान मुलांचे केसही कुळाच्या खुणेप्रमाणे कापत. यादीत 'चंद्र' एवढाच अर्थ दिसतो, पण ते नाव कुठल्या कुळाच्या घरातलं असेल हे यादी सांगत नाही.


लिंकनकर

आत्याबाईंशी सहमत. शब्द शिका, म्हणा, चुका. नाव मात्र घरचंच ठेवा. शणै, तुम्हाला बाळासाठी एक रीत देते, ती घेतलीत तर कुणी रागावणार नाही. बाळाचं पहिलं पादत्राण, हींबे, शिवताना एका तळव्याला मुद्दाम लहान भोक ठेवत. परलोकातून निरोप्या आला, 'चल' म्हणाला, तर बाळाने सांगायचं: येऊ कसा, माझी पादत्राणं फाटलीत. फ्लेचर-ला फ्लेश यांच्या ग्रंथात आहे.


खडूफळा

आपल्याकडे आधीची मुलं गेली की पुढच्याचं नाव धोंडू, दगडू, केरबा. यमाला वाटावं, हे नेण्यासारखं काही नाही. आमच्या वर्गात तीन दगडू होते, तिघेही अजून ठणठणीत आहेत.


डॉ_ताई

भोक पाडलेला बूट. उद्या ओपीडीत एक अगदी नवी आई येणार आहे, तिला सांगते.


बटाटेवडा

सगळं वाचलं. गंभीर प्रश्न: बटाट्याला कोणता 'द'?


लिंकनकर

एकच असेल आणि समोर ठेवलेला असेल तर गोल, म्हणून 'नू धाँ'. पिशवी फाटून स्वयंपाकघरभर घरंगळले तर 'नू गे'. ढीग घातला तर 'नू थे'.


बटाटेवडा

आणि नवरा सोफ्यावर आडवा असेल तर 'नू खे'.


लिंकनकर

व्याकरण बरोबर. पण खे मेलेल्यालाही लावतात, तेव्हा आधी हलवून बघा.